पंचविशी उलटली तरी मुरुम: वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरं

मुरुम म्हणजे तारुण्यपीटिका, वय सरलं की आपोआप जातात, असं घरोघरी म्हटलं जातं. या खेपेला निवडलेले प्रश्न मात्र पंचविशी ओलांडलेल्यांचे आहेत, आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे: ‘सगळं लावून झालं, फरक नाही.’ म्हणून पहिलं उत्तर सविस्तर दिलं आहे. पुढची उत्तरं त्याला जोडून वाचावीत.

प्रश्न : कॉलेजात असताना चेहरा स्वच्छ होता. आता वय ३२, बँकेत नोकरी. दोन वर्षांपासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला ठणकणाऱ्या गाठी येतात. पाळीच्या आठवडाभर आधी तर हमखास. एक ट्यूब पंधरा दिवस लावली, दुसरी दहा दिवस. हे आत्ताच का सुरू झालं? (राजारामपुरी)

ताई, आधी तुमच्या ‘पंधरा दिवस’ या शब्दांपाशी थांबू. औषध फसलं ते तिथेच.

त्वचेवरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. केसाच्या वाटेतल्या मृत पेशी सुटून बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि वाटेत बूच बसतं. बूच इतकं बारीक असतं की आरशात दिसत नाही. मागे तेल साचतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे नेहमी तिथेच राहणारे जिवाणू बेसुमार वाढतात, सूज येते, त्या वाटेची भिंत आतल्या आत फुटते, आणि मग ती ठणकणारी गाठ वर येते. बूच बसल्यापासून गाठ दिसेपर्यंत आठेक आठवडे जाऊ शकतात. म्हणजे आज हनुवटीवर दिसतेय ती गाठ दोन महिन्यांपूर्वी बसलेली आहे, आणि आज लावलेलं औषध दोन महिन्यांनी येणाऱ्या गाठी अडवण्यासाठी आहे. पंधरा दिवसांत ट्यूब बदलली की प्रत्येक वेळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुरुमांच्या औषधाचा हिशेब बारा आठवड्यांनी करायचा, त्याआधी नाही.

आत्ताच का, तर तेलाच्या ग्रंथीला हुकूम अ‍ॅन्ड्रोजन या ‘पुरुषी’ संप्रेरकांचा असतो. बहुतेक स्त्रियांच्या रक्तात त्यांचं प्रमाण ठीकच निघतं. ग्रंथीच त्यांना जास्त दाद देते. पाळीच्या आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन उतरतं, अ‍ॅन्ड्रोजनचा जोर त्या मानाने वाढतो, आणि हनुवटी-जबड्यावरच्या ग्रंथी पहिल्यांदा पेटतात. पाळी नियमित असेल तर रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी करण्याची गरज नाही. दोन पाळ्यांत पस्तीस दिवसांहून जास्त अंतर पडतंय, हनुवटीवर राठ केस येताहेत, डोक्याचे मधल्या भांगाशी विरळ होताहेत, वजन वाढतंय, यांतलं काही असेल तर मात्र पीसीओएससाठी (बीजांडकोश आणि संप्रेरकांच्या कामातला बिघाड) तपासणी हवी: सोनोग्राफी, टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, साखर. संप्रेरकांचं रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी द्यावं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना दिलं तर आकडे फसवे येतात.

आता उपचार. चिठ्ठीत बहुधा अ‍ॅडापलीन ०.१ टक्का जेल असेल. पेशी चिकटणं थांबवणारं, म्हणजे बूच बसूच न देणारं हे औषध आहे. रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टॉवेल न घासता टिपून घ्या, आणि वीस मिनिटं थांबा, कारण ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि जळजळतं. मग वाटाण्याएवढं जेल बोटावर घ्या. पूर्ण चेहऱ्याला एवढंच. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके देऊन पसरवा. पापण्या, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडा. गाठीवर टिकली लावल्यासारखं लावू नका, कारण उद्याची गाठ तिच्या शेजारच्या, आज गुळगुळीत दिसणाऱ्या त्वचेत आहे. वरून मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन एकाआड एक, मग सोसेल तसं रोज. बत्तिसाव्या वर्षीची त्वचा अठरा वर्षांच्या त्वचेपेक्षा कोरडी असते. पहिल्याच दिवसापासून रोज लावलं तर सालं निघतात, आणि मग लोक ‘मला रिअ‍ॅक्शन आली’ म्हणून ट्यूब फेकून देतात.

सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, पातळ थर. पाच किंवा दहा टक्क्यांचं घेऊन गुण फारसा वाढत नाही, जळजळ तेवढी वाढते. याने कपड्याचा रंग उडतो, तेव्हा पूर्ण वाळल्यावरच ब्लाउज-ओढणी घाला आणि टॉवेल पांढरा ठेवा. त्यावर एसपीएफ ३० किंवा अधिकचं जेलसारखं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधलं बोट भरेल एवढं.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात थोडं वाढल्यासारखं वाटेल. आधीच बसलेली बुचं भराभर वर येतात, म्हणून. नेमका तिथेच धीर सुटतो. पहिल्या दिवशी खिडकीशी, एकाच उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि दर चार आठवड्यांनी तसेच काढा. रोजच्या आरशात फरक कळत नाही.

बारा आठवड्यांनंतरही पाळीआधीच्या गाठी हटल्या नाहीत, तर स्पायरोनोलॅक्टोन गोळी (बहुधा ५० ते १०० मिलिग्रॅम) किंवा ठरावीक गर्भनिरोधक गोळ्या हा पुढचा रस्ता असतो. आधी रक्तदाब बघावा लागतो. मायग्रेन आहे का, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आहे का, तुम्ही धूम्रपान करता का, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना दिवस राहता कामा नयेत. अ‍ॅडापलीनही मूल हवं असेल तेव्हा थांबवायचं.

प्रश्न : मेडिकलमधून सांगून आणलेली ट्यूब आठ महिने लावतेय. पहिल्या आठवड्यातच चेहरा उजळला, मुरुमही बसले. आता एक दिवस चुकला तरी चेहरा लालबुंद होतो, आग होते, आणि गालभर एकसारख्या पुळ्या येतात. (इचलकरंजी, वय २७)

तुमच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असण्याची शक्यता फार मोठी आहे. आत्ता उठून ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यांतलं एखादं नाव दिसेल. बऱ्याचदा त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. नाव ओळखू आलं नाही तर उभी लाल रेघ शोधा. ती असेल तर ते चिठ्ठीशिवाय द्यायचं औषधच नाही. २०१८ साली केंद्र सरकारने लावण्याची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली ती याचसाठी. तरीही ही ट्यूब काउंटरवरून साबणासारखी विकली जाते, आणि त्याची किंमत तुमच्यासारख्या मुली चेहऱ्याने मोजतात, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या आठवड्यात चेहरा उजळला, कारण स्टेरॉइड रक्तवाहिन्या आवळतं आणि सूज दाबतं. बूच तसंच राहतं. पुढे त्वचा पातळ होते, गालावर लाल दोऱ्यांसारख्या शिरा दिसतात, कानाजवळ लव वाढते, उन्हात पाच मिनिटं उभं राहवत नाही. थांबवलं की दाबलेली सूज दामदुपटीने उसळते. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. दोष तुमचा नाही, औषधाची चालच अशी आहे.

आता काय करायचं? डॉक्टरांकडे जाताना ट्यूब बरोबर न्या. जोरदार स्टेरॉइड असेल तर काही वेळा सौम्य मलमावर आणून उतरवत न्यावं लागतं, किंवा टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम देतात, जोडीला पोटातून डॉक्सिसायक्लिन. तोवर चेहऱ्याला फक्त गार पाणी, सुवास नसलेलं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बेसन, लिंबू, मुलतानी माती, टूथपेस्ट काहीही नाही. पहिले दोन-चार आठवडे सर्वांत वाईट जातील, हे घरच्यांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर तेच म्हणतील, ‘अगं, ती जुनी ट्यूबच बरी होती.’ त्वचा सावरायला काही महिने लागतात. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत दाखवता येईल.

डबीवर घटकांची यादीच नसलेल्या गोरेपणाच्या क्रीमला हातही लावू नका. अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडावर जातो.

प्रश्न : सकाळी तालीम, संध्याकाळी जिम. वय २६. चार महिन्यांत पाठ, खांदे आणि छाती पुळ्यांनी भरली. प्रोटीन पावडर चालू आहे, दूध रोज दीड लिटर. दूध बंद करू का? आमच्या पेठेत दूध सोडा म्हटलं तर हसतील. (शिवाजी पेठ)

दुधाच्या आधी एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांना खरं द्या: कुणी इंजेक्शन किंवा ‘साइज’च्या गोळ्या दिल्यात का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीची औषधं घेतली की तेलग्रंथी फुगतात आणि थेट पाठ-छातीवर मोठ्या गाठी येतात. पुढे शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायचं थांबवतं, वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात. हे चालू ठेवून मुरुमांवर कितीही औषध घेतलं तरी ते पालथ्या घड्यावर पाणी. ताकदीसाठी म्हणून बी-१२ची इंजेक्शनं घेत असाल तर तेही सांगा. त्यानेही अचानक पुळ्या उठतात.

यातलं काही नसेल तर पहिला संशय पावडरीतल्या व्हे प्रोटीनवर. ते दुधातूनच काढतात, आणि त्याने शरीरातलं इन्सुलिन व आयजीएफ-१ (वाढीचं एक संप्रेरक) वाढतं. ही दोन्ही तेलग्रंथीला चालना देतात. पावडर तीन महिने पूर्ण बंद करा आणि प्रथिनं अंडी, चिकन, मटकी, हरभरे, डाळीतून घ्या. दूध आणि मुरुम यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, पण प्रत्येकात तो सारखा नसतो, म्हणून गंगावेशीतला दुधाचा ग्लास लगेच हिसकावून घेणार नाही. आधी पावडर काढा. तीन महिन्यांत उतरलं नाही तर दूध अर्ध्यावर आणून पुन्हा बघा. दोन्ही एकदम बंद केलं तर गुन्हेगार कोण ते कधीच कळणार नाही.

घाम वाळायच्या आत आंघोळ करा आणि कोरडा सुती बनियन घाला. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश पाठीवर चोळून तीन-चार मिनिटं राहू द्या, मग धुवा; लावून लगेच धुतलं तर औषध गटारात जातं. पाठीच्या मोठ्या पुळ्यांना पोटातून औषध लागतंच. डॉक्सिसायक्लिन दिली तर जेवणानंतर, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. दुधाबरोबर, कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. तुमच्या बाबतीत नेमकं हेच चुकेल, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि ही गोळी साधारण तीन महिन्यांपुरती, लावायच्या औषधाच्या जोडीनेच. एकटं अँटिबायोटिक महिनोन्‌महिने चालू राहिलं तर जिवाणू त्याला जुमानेनासे होतात.

प्रश्न : तांबड्या रश्श्याने उष्णता होऊन मुरुम येतात का? पोट साफ नसणं हे कारण असतं का?

नाही, दोन्हीही नाही. तिखटाने मुरुम येतात असा पुरावा नाही. रस्सा किंवा मिसळ खाल्ल्यावर गाल तापून लाल होत असतील, बारीक पुळ्या असतील पण काळी टोपी (ब्लॅकहेड) एकही नसेल, तर तो रोझेशिया असू शकतो. तो वेगळा आजार आहे, त्याचं औषध वेगळं. साखर झपाट्याने वाढवणाऱ्या खाण्याचा संबंध मात्र आहे: गोड चहा, पाव, बिस्किटं, ताटभर पांढरा भात. आपल्याकडे साखर सोडून गूळ धरतात. गुऱ्हाळावरचा ताजा गूळ चवीला कितीही सरस असला तरी या हिशेबात तो साखरच.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. तोंडावर काही नाही, पण दोन्ही हातांवर आणि मांड्यांवर काळे ठिपके आणि पुळ्या. औषध घेतलं की बसतात, परत येतात. (वय ३५)

हे ऑइलमुळे आहे. कटिंग ऑइल आणि धातूचा बारीक कीस केसाच्या वाटेत बसतो आणि बाहेरून बूच घालतो. काळा ठिपका तोच. मांड्यांवर का? खिशात तेलकट फडकं असतं, किंवा पँटचा पुढचा भाग ऑइलने भिजून दिवसभर घासत राहतो. खात्री करायची असेल तर आठवून बघा: गणपतीत किंवा दिवाळीत आठ-दहा दिवस सुट्टी झाली की कमी होतं का?

फडकं खिशात ठेवणं आजपासून बंद. पुढे ऑइल न झिरपणारा अ‍ॅप्रन मागा. युनिफॉर्म रोज धुतलेला हवा, आठवड्यातून एकदा नव्हे. हात पुसायला वापरलेलं कॉटन वेस्ट पुन्हा वापरू नका, त्यातला कीस त्वचा खरवडतो. रॉकेल, थिनर, कपड्यांची पावडर यांनी हात धुऊ नका; साबण आणि पाणी पुरे, नंतर मॉइश्चरायझर. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे मात्र घालू नका, मोजा गुंतला तर हात जाईल. मोजे फक्त जॉब (कापायचा तुकडा) काढता-लावताना, मशीन पूर्ण थांबल्यावर. त्या भागावर रात्री अ‍ॅडापलीन लावता येतं. ऑइल अंगाला लागायचं थांबलं नाही तर एकही औषध टिकणार नाही, म्हणून सुपरवायझरशी बोलाच. ईएसआय असेल तर तिथे दाखवताना ‘कामावर ऑइल लागतं’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

प्रश्न : पावसाळा लागला की कपाळावर आणि छातीवर बारीक, एकसारख्या, खाजणाऱ्या पुळ्या. मुरुमांच्या गोळ्यांनी वाढल्या. (कसबा बावडा)

खाज आणि सगळ्या पुळ्या एका मापाच्या, म्हणजे हे बहुधा मुरुम नाहीतच. त्वचेवरची मालासेझिया बुरशी दमट हवेत वाढते, आणि अँटिबायोटिकने तिचे प्रतिस्पर्धी जिवाणू मेले की तिचं फावतं. केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पूचा फेस त्या जागी पाच मिनिटं ठेवून धुवा, आठवड्यातून तीनदा, चार आठवडे. कोंडा असेल तर डोक्यालाही. रात्रभर डोक्याला तेल थापून झोपणं थांबवा. लावायचंच तर धुण्याआधी तासभर. रेनकोटच्या आत ओला शर्ट दिवसभर ठेवू नका.

प्रश्न : मुलगी २६ वर्षांची. तोंडभर गाठी, खड्डे पडू लागलेत. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन सांगितलं. तिच्या लग्नाचं बघतोय. या गोळीने पुढे मूल होत नाही म्हणतात. (कागल)

ताई, ही गोळी बंद केल्यावर पुढे मूल होण्यात काहीही अडथळा येत नाही. धोका वेगळा आहे आणि तो खरा आहे: गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग होऊ शकतं. म्हणून सुरू करण्याआधी गर्भचाचणी, गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना खात्रीचं गर्भनिरोधन. लग्न मधेच ठरलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. आणि तपासणीच्या वेळी मुलीला थोडा वेळ एकटीला बोलू द्या. काही गोष्टी आईसमोर सांगवत नाहीत.

खड्डे पडत असताना वाट बघणं महागात पडतं, कारण गाठ जाते पण खड्डा राहतो. हिशेब असा: एकूण मात्रा साधारण किलोला १२० ते १५० मिलिग्रॅम. वजन ५० किलो असेल तर ६,००० ते ७,५०० मिलिग्रॅम. रोज २५ मिलिग्रॅमने आठ ते दहा महिने. काही डॉक्टर कमी मात्रेने जास्त काळ देतात. गोळी रिकाम्या पोटी घेतली तर निम्मीही अंगी लागत नाही. तूप, शेंगदाणे, अंडं असं काही स्निग्ध असलेल्या जेवणानंतर घ्यावी. ओठ फुटतातच, लिप बाम दिवसातून सात-आठ वेळा. चेहऱ्याला वॅक्सिंग नको, साल निघते. व्हिटॅमिन ए आणि डॉक्सिसायक्लिन बरोबर नको. आधी आणि मधे यकृत व चरबीची रक्ततपासणी. मन उदास राहू लागलं, झोप उडाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सांगा. गोळी चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान नाही, आणि आपली गोळी बहिणीला किंवा मैत्रिणीला एक दिवससुद्धा द्यायची नाही.

प्रश्न : गरोदर आहे, तिसरा महिना चालू आहे. मुरुम वाढलेत. काय चालेल?

अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड, बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि लावायचं क्लिंडामायसिन डॉक्टरांना विचारून चालतं. अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिन, स्पायरोनोलॅक्टोन, आयसोट्रेटिनॉइन नाही. यांतलं आधीपासून काही चालू असेल तर आजच प्रसूतितज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुरुम गेले, डाग आणि खड्डे राहिले. लेझर करू का? (वय ३८)

आधी डाग किती आणि खड्डे किती ते वेगळं करा. संध्याकाळी आरशासमोर उभे राहा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च गालाच्या बाजूने, कानाजवळून मारा. सावली पडते तो खड्डा. सावली नाही, नुसता तपकिरी किंवा लाल रंग आहे, तो डाग. डाग सनस्क्रीन आणि अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडने महिन्यांच्या हिशेबाने फिके होतात, त्यावर लेझरचे पैसे घालवू नका. आता खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी कातडी हलकेच ताणा. ताणल्यावर सपाट झाला तर तो खालून दोऱ्यांनी ओढलेला आहे. तिथे सुईने ते दोरे सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. ताणूनही तसाच, टोकदार आणि खोल राहिला तर त्या एकेका खड्ड्यात तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक) अ‍ॅसिडचा थेंब देतात. उथळ, पसरट खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं), चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझर जोरात मारलं तर नवे काळे चट्टे उठतात, म्हणून कमी जोराने आणि जास्त बैठकांत करणाऱ्याकडे जा. मुरुम पूर्ण शांत होऊन काही महिने गेलेले असावेत. मे महिन्याच्या उन्हात सुरू करू नका, आणि घरातल्या लग्नाच्या दोन आठवडे आधी तर नाहीच.